ओल्या काचेवर चेहरा: कोकणात कलोडियन कसं जमवायचं

कलोडियनच्या, म्हणजे काचेवर ओतायच्या एका दाटसर द्रावणाच्या, ओल्या प्लेटवर माणसांचे फोटो काढायचे म्हटलं की किनाऱ्यावरच्या माणसाला हमखास ऐकावं लागतं, "तुमच्याकडची हवा फार दमट, तिथं नाही जमायचं." हे अर्धंच खरं आहे. या पद्धतीत प्लेट ओली असेपर्यंतच काम होतं, सुकली की संपलं. देशावर एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात पाच मिनिटांत तिच्या कडा सुकायला लागतात. वेंगुर्ल्यात किंवा गुहागरात तीच प्लेट दहाएक मिनिटं सहज ओली राहते. म्हणजे मधल्या टप्प्यात दमटपणा आपल्याच बाजूनं असतो. तो आडवा येतो दोनदा, अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी, आणि दोन्हींवर उपाय आहेत. खरी डोकेदुखी उष्म्याची. कलोडियनमधलं ईथर हे झटकन उडणारं द्रावक ३४.६ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि मे महिन्याच्या दुपारी आपल्या खळ्यातला पारा तिथंच आसपास घुटमळत असतो.

इंग्रज फोटोग्राफर फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली ही कृती छापून सगळ्यांना खुली केली, पेटंट घेतलं नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते आणि स्वतः फोटो काढत. तेव्हा विजेचे पंखे नव्हते, तरी मुंबईच्या हवेत काचेवरचं काम चाललंच. पुढं जिलेटिनच्या सुक्या प्लेटा आल्या आणि ओली प्लेट मागं पडली. आज जगभर पोर्ट्रेट काढणारे तिच्याकडे परत वळलेत ते तिच्या नजरेमुळे. ही प्लेट चेहरा आपल्या डोळ्यासारखा पाहतच नाही.

खालची सगळी मापं ४ बाय ५ इंचाच्या प्लेटसाठी आहेत.

प्लेटवर होतं काय

कलोडियन म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेलं दाटसर, पारदर्शक द्रावण. त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइड हे क्षार घालतात. ते काचेवर ओतलं की ईथर उडून जातं आणि पातळ पापुद्रा राहतो. पापुद्रा ओलसर असतानाच प्लेट सिल्व्हर नायट्रेटच्या बाथमध्ये बुडवायची. आतल्या क्षारांची आणि चांदीची गाठ पडते, सिल्व्हर आयोडाइड आणि ब्रोमाइड तयार होतं, आणि प्लेट दुधी दिसायला लागते. आता ती प्रकाशाला संवेदनशील झाली.

कॅमेऱ्यात प्रकाश दाखवून झाला की हिराकसाचं पाणी, म्हणजे फेरस सल्फेटचा डेव्हलपर, तिच्यावरून फिरवायचा. जिथं प्रकाश पडला तिथं चांदीचे बारीक कण जमतात. ही चांदी येते कुठून? प्लेटवर उरलेल्या ओल्या सिल्व्हर नायट्रेटमधून. म्हणून प्लेट सुकून चालत नाही. सुकली की नायट्रेटचे खडे बनतात, पापुद्र्याची छिद्रं मिटतात आणि डेव्हलपर आत शिरत नाही. शेवटी फिक्सर उरलेले क्षार विरघळवून नेतो.

राहिलेली चांदी राखाडी-साईच्या रंगाची दिसते. तिच्यामागं काळं असेल तर चित्र सुलटं, पॉझिटिव्ह भासतं. म्हणून साधी काच घेऊन मागं काळा रंग देतात, किंवा मुळातच काळी काच अगर काळा पत्रा घेतात. पूर्वी लोखंडी पत्र्यावर काळं रोगण चढवत. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यात लोखंड घेऊच नका, कडेनं गंज शिरून पापुद्रा सुटतो. ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे काळं रोगण चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मिळतो, तो उत्तम. चकचकीत बाजूवर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो ओतायच्या आधी काढायचा. ही गोष्ट सांगायला क्षुल्लक वाटते, पण नवशिक्यांच्या पहिल्या प्लेटा बऱ्याचदा इथंच फुकट जातात.

तिला कोणते रंग दिसतात

या प्लेटला निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाशच कळतो. लाल, केशरी, पिवळा तिच्या लेखी जवळजवळ काळोख. त्यामुळेच डार्करूममध्ये लाल दिवा चालतो, आणि त्यामुळेच चेहरा अनोळखी दिसतो.

कुंकू काळं येतं. हळद लागलेला चेहरा काळवंडतो. अबोलीची वेणी केसांतच विरून जाते, मोगरा मात्र लख्ख पांढरा उठतो. तांबडं लुगडं काळं, निळं लुगडं फिकट. हिरवा चुडा गडद, आणि सोन्याचा रंग काळपट असला तरी त्यावरची चमक पांढरी टिपली जाते, म्हणून नथीतले मोती आणि मण्यांवरची लकेर छान येते. पार्श्वभूमीला पडदा शोधत बसू नका. जांभ्याची भिंत लालसर तपकिरी असल्यामुळे जवळजवळ काळी येते, आणि चेहरा तिच्यातून पुढं येतो.

त्वचेचं थोडं सविस्तर सांगायला हवं. त्वचेतलं रंगद्रव्य निळा आणि अतिनील प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे तीळ, वांग, उन्हाचे डाग, जे आरशात धड दिसतही नाहीत, ते प्लेटवर ठसठशीत येतात. सुरकुत्या खोल होतात, ओठ गडद होतात. समोरच्याला हे आधी सांगा. प्लेट हातात दिल्यावर सांगण्यात अर्थ नाही. सनस्क्रीन अतिनील प्रकाश अडवण्यासाठीच असतं, तेव्हा ते फासून बसलेल्याचा चेहरा काळपट येतो. आधी धुवायला लावा.

सावळ्या माणसाला पांढऱ्या शर्टात बसवलं की नवखा फोटोग्राफर शर्ट सांभाळायला जातो आणि चेहरा काळोखात बुडतो. पॉझिटिव्ह प्लेटला एरवीही प्रकाश जरा कमीच देतात, त्यात ही भर. सावळ्या त्वचेसाठी नेहमीच्या दीडपट ते दुप्पट वेळ द्या, शर्ट गेला तर जाऊ दे. त्यापेक्षा राखाडी किंवा विटका कपडा घालायला लावा म्हणजे भांडणच नको. १९व्या शतकातल्या प्लेटांवरून आपल्या लोकांच्या वर्णाबद्दल अंदाज बांधणारे हे गणित सोयीस्करपणे विसरतात.

आणखी एक, प्लेटवरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं असतं. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर येतो, डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते, पाटीवरची अक्षरं उलटी होतात. पत्र्यावर याला इलाज नाही. पारदर्शक काचेवर मात्र आहे. पापुद्र्याच्या बाजूला काळं द्यायचं आणि काचेच्या बाजूनं पाहायचं, की चित्र सुलट.

द्रावणं

पाण्यापासून सुरुवात करू, कारण किनाऱ्यावर घोटाळा पाण्यातच असतो. खारवट विहिरीच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि ते सिल्व्हर नायट्रेटशी लगेच भिडून पांढरा गढूळ साका करतं. परीक्षा सोपी आहे. पेल्यात थोडं पाणी घ्या, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. दुधी झालं तर ते पाणी बाथला किंवा डेव्हलपरला चालणार नाही. ऊर्ध्वपातित पाणीच घ्या. शेवटच्या धुण्याला साधं गोडं पाणी पुरतं, आणि पहिले दोन-चार पाऊस होऊन कौलं धुऊन निघाल्यावर पागोळ्यांचं पाणी तर फारच चांगलं.

बाथ: १०० मिली पाण्याला ९ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट. उभी टाकी वापरली तर जवळपास लिटरभर द्रावण लागतं, म्हणजे ९० ग्रॅम नायट्रेट, आणि चांदीचा भाव आपल्याला ठाऊक आहे. सुरुवातीला पसरट ट्रे घ्या, २५० मिलीत २२.५ ग्रॅम, तेवढ्यात भागतं. विरळ नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पीएच (आम्लतेचं माप) ४ ते ५ च्या दरम्यान आणायचा. नव्या बाथमध्ये कलोडियन ओतलेली एक प्लेट रात्रभर ठेवून द्यायची. बाथला जेवढं सिल्व्हर आयोडाइड प्यायचं ते त्या प्लेटमधून पितो, नाहीतर पहिल्या काही प्लेटांचं खाऊन टाकतो.

कलोडियन: १०० मिलीसाठी साधारण ५० मिली साधं कलोडियन, २५ मिली ईथर, २५ मिली अल्कोहोल, १ ग्रॅम आयोडाइड आणि अर्धा ग्रॅम ब्रोमाइड. औषधाच्या दुकानातलं लवचीक कलोडियन घेऊ नका, त्यात एरंडेल असतं. पोटॅशियम ब्रोमाइड अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, आधी अगदी थोड्या थेंब पाण्यात विरघळवून घ्या. अमोनियमचे क्षार वापरले तर द्रावण लवकर तयार होतं पण लवकर लाल होऊन मंदावतं, आणि आपल्या उष्म्यात आणखी लवकर. कॅडमियमचे क्षार टिकाऊ, पण विषारी. पोटॅशियम मधला मार्ग. बिनरंगी ताज्या कलोडियननं प्लेटवर धुकट पडदा येतो. ते दोन-चार दिवस मुरू द्यावं, किंवा जुनं लालसर कलोडियन थोडं मिसळून गवती रंगावर आणावं. नायट्रोकापूस घरी करायच्या भानगडीत पडू नका, ते स्फोटकच आहे. अल्कोहोल म्हणजे शुद्ध इथाइल, आणि त्याला परवान्याची बंधनं आहेत, ती आधी पुरी करा. रंगीत स्पिरिट इथं चालत नाही.

डेव्हलपर: ३५० मिली पाणी, १५ ग्रॅम फेरस सल्फेट, १४ मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल, १८ मिली अल्कोहोल. बाजारातला हिराकस अशुद्ध असतो, प्रयोगशाळेच्या प्रतीचा घ्या. हे झालं २० अंशांचं गणित. कोकणच्या हवेत तापमान ३० च्या वर गेलं की आम्ल २० ते २५ मिलीपर्यंत वाढवा आणि १० ते १५ ग्रॅम साखर घाला. दोन्हींनी डेव्हलपरचा वेग आवरतो.

फिक्सर म्हणजे हायपो (सोडियम थायोसल्फेट), १०० मिलीला २० ग्रॅम. जुने लोक पोटॅशियम सायनाइड वापरत आणि त्यानं छटा खरंच थोडी उजळ येते. पण डेव्हलपरमधलं आम्ल त्यात गेलं की हायड्रोजन सायनाइडचा वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्या उजळ छटेसाठी जीव टाकण्यात काही हशील नाही.

ओतणं

सगळी कला या अर्ध्या मिनिटात आहे. काच आधी खडूची बारीक पूड, अल्कोहोल आणि पाणी यांच्या लगद्यानं घासून, सुक्या कापडानं पुसून, तोंडाची वाफ टाकून तपासायची. वाफ एकसारखी उडाली तर काच स्वच्छ. धार लावायच्या दगडानं कडा खरबरीत करून घ्यायच्या, नाहीतर पापुद्रा कडेनं उलटतो.

डाव्या हाताच्या बोटांवर प्लेट आडवी तोलायची. मध्याच्या जरा पलीकडे १२ ते १५ मिलीचं तळं ओतायचं. ते आधी पलीकडच्या एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या, मग अंगाकडच्या तिसऱ्या, आणि चौथ्या कोपऱ्यातून बाटलीत. मागं घ्यायचं नाही, थांबायचं नाही. उरलेलं वेगळ्या बाटलीत निथळवायचं, कारण त्यातलं ईथर कमी झालेलं असतं आणि धूळही लागलेली असते. निथळताना प्लेट डावी-उजवी हलवत राहायची, म्हणजे ओघळांच्या रेषा मिटतात. मग निथळत्या कोपऱ्याला बोट लावून पाहायचं. दुधावर साय धरते तसा तो धरलेला असला, बोटाचा ठसा उमटला पण बोटाला काही चिकटलं नाही, की लगेच बाथ. २२-२३ अंशांना याला १० ते १५ सेकंद लागतात. मे महिन्यात पाच-सहा सेकंदांत धरतं, तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आतच, आणि मग वळ्या पडतात.

यावर उपाय तीन. ईथर कमी करून अल्कोहोल तेवढंच वाढवा, २५-२५ ऐवजी १५-३५. कलोडियनची बाटली आणि बाथची टाकी पाण्याच्या घमेल्यात ठेवा, त्यात बर्फाची बंद बाटली सोडा. आणि सकाळीच काम उरका. रत्नागिरीत डिसेंबर-जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या पुढं जातो, पण पहाटे तो विशीच्या आसपास असतो. हिवाळ्यात साडेसात ते दहा ही खरी वेळ.

थंड करताना मात्र हात आवरता ठेवा, कारण दमटपणाची पहिली अडचण इथंच येते. किनाऱ्यावर मे महिन्यात दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. फ्रिजमधून काढलेली काच त्याहून थंड असते, तिच्यावर क्षणात बारीक दव धरतं आणि कलोडियन चिकटत नाही. तेव्हा काच खोलीच्याच तापमानाची हवी. कधीकधी ईथर उडतानाच पापुद्रा इतका गार होतो की हवेतलं पाणी त्यावर येऊन तो पांढुरका पडतो. त्या दिवशी पंखा बंद करा आणि अल्कोहोल वाढवलेलं मिश्रण वापरा.

घामाचंही सांगायला हवं. कपाळावरचा एक थेंब प्लेटवर पडला की त्यातल्या मिठाचा डाग पक्का. कपाळाला पट्टी बांधा, मनगटालाही.

ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनं पेट घेते. माजघरात ओतत असाल तर चूल, गॅस, उदबत्ती, देवघरातलं निरांजन, सगळं विझलेलं हवं. बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून घाट उतरू नका. उघडलेली ईथरची बाटली वर्षानुवर्षं ठेवूही नका, त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात.

बाथ ते कॅमेरा

प्लेट बाथमध्ये एका दमात सोडायची. मध्ये हात अडखळला की तिथं रेघ पडते. इथून पुढं फक्त लाल दिवा. ३ ते ४ मिनिटांनी उचलून पाहायची. वरून द्रावण तेलकट ओघळांसारखं उतरत असेल तर अजून थांबा, सपाट चादरीसारखं उतरलं की झाली. मागची बाजू पुसा, प्लेट होल्डरच्या तळाशी टीपकागदाची पट्टी ठेवा. ती विसरलात तर कोपऱ्यात साचलेली चांदी वर चढते आणि कालव्याच्या शिंपीसारखे वळसे उमटतात. लाकडी होल्डर पावसाळ्यात फुगतो आणि सरकपट्टी अडकते, तेव्हा तो जुन्या मुरलेल्या सागवानाचा करवून घ्या आणि आतून मेण किंवा लाखेचा हात द्या.

समोरचा माणूस प्लेट ओतायच्या आधीच बसलेला, नीट फोकस केलेला हवा. जोझेफ पेट्झवाल यांनी १८४० साली आखलेल्या पोर्ट्रेट लेन्सची मूळ जात मिळाली तर उत्तम, नाहीतर जुनी प्रोजेक्टरची लेन्सही चालते. एफ ४ ला, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं ठेवून, ४ बाय ५ वर जवळच्या डोळ्यावर फोकस केला तर कान धूसर होतो. माणूस बोटभर जरी पुढं झुकला तरी डोळाही जातो. म्हणून मानेमागं आधार हवा, लोखंडी स्टँडला दुबेळकं लावलं तरी पुरे. झोपाळ्यावर कुणाला बसवू नका. पापण्या मिटल्या तर बिघडत नाही, पाच सेकंदांत एक-दोन मिटणं प्लेटला कळतच नाही. हसू मात्र तेवढा वेळ टिकत नाही, त्याचा आग्रह सोडा.

वेळ किती द्यायचा? मोकळ्या आभाळाखालच्या सावलीत, एफ ४.५ ला, ३ ते ५ सेकंदांपासून सुरू करा. पडवीत दोन हात आत ८ ते १२. दाट ढगांखाली १५ सुद्धा लागतील. लाइट मीटरवर भिस्त ठेवू नका, त्याला पिवळा-हिरवा उजेड दिसतो आणि प्लेटला निळा हवा असतो. हा फरक सगळ्यात जास्त फसवतो तो माड-पोफळींच्या बागेत. डोळ्यांना तिथं गार, भरपूर उजेड वाटतो, पण पानांतून गाळून आलेला तो हिरवा उजेड प्लेटच्या कामाचा नसतो. बागेच्या कडेला, आभाळ दिसेल अशा जागी माणसाला आणा, वेळ निम्म्यावर येईल. संध्याकाळच्या सोनेरी उन्हाचंही तेच. मोबाइलवर फोटो झकास येतो आणि प्लेट काळीठिक्कर.

डेव्हलप करताना काय बिघडतं

१५ ते २० मिली डेव्हलपर एका कडेला धरून एकाच लाटेत प्लेटभर न्यायचा. तो प्लेटवरून सांडून देऊ नका, चांदी वाहून जाते आणि चित्र फिकट राहतं. लाट मध्येच थबकली तर तिची किनार कायमची उमटते. थंडीत १५ सेकंद, तिशीच्या वर आठ-दहा. पांढरे भाग दिसले, मधल्या छटा नुकत्या डोकावू लागल्या, की पाणी ओता. सगळं नीट दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

प्लेटभर करडा पडदा आला तर क्रमानं तपासा: डेव्हलपर जास्त वेळ राहिला का, बाथ तापला का, त्याचा पीएच वर गेला का, कलोडियन फार ताजं आहे का, आणि मग होल्डरमधून उजेड शिरतोय का. कोकणात उन्हाळ्यात पहिली दोन कारणंच बहुतेकदा निघतात. डेव्हलपर तेलकट थेंबांनी फुटून पसरला तर बाथमध्ये प्लेटांबरोबर अल्कोहोल साठलं आहे. डेव्हलपरमध्येही अल्कोहोल थोडं वाढवा. शेपटीवाले ठिपके दिसले तर डेव्हलपर गाळलेला नाही. पापुद्रा सुटून आला तर काच मळकी होती किंवा कलोडियन पुरतं धरायच्या आत प्लेट बुडवली.

बाथ थकला की त्याला ऊन दाखवायचं. खाण्याच्या सोड्यानं पीएच ७ वर आणा, पारदर्शक बरणीत ओता, तोंडाला कापड बांधा आणि कडक उन्हात ठेवा. काही दिवसांत सेंद्रिय मळ काळा होऊन तळाशी बसतो, अल्कोहोल-ईथर उडून जातं. गाळा, चांदीचं प्रमाण तपासा, पुन्हा आम्ल घाला. या कामाला मात्र आपलं एप्रिलचं ऊन नंबर एक.

फिक्सरमध्ये निळसर दुधी पडदा विरघळून चेहरा वर येतो, बघ्यांची गर्दी जमते ती इथंच. पडदा गेल्यावर आणखी एक मिनिट ठेवा, मग १५ ते २० मिनिटं धुवा.

व्हार्निश

दमटपणाची दुसरी अडचण इथं. व्हार्निश केलं नाही तर खाऱ्या, गंधकाचा अंश असलेल्या हवेत चांदी काळवंडते. नेहमीचं मिश्रण असं: ४०० मिली अल्कोहोल, ५५ ग्रॅम सँडरॅक डिंक, ४५ मिली लॅव्हेंडर तेल. सँडरॅक मिळायला कठीण. मेण काढलेली चपडा लाख वापरणारेही आहेत, रंग किंचित उबदार येतो. आधी वाया गेलेल्या प्लेटवर करून पाहा, कारण फार तीव्र अल्कोहोल पापुद्राच विरघळवतं.

प्लेट हाताला सोसेल इतपत गरम करायची, कलोडियनसारखंच ओतायचं, निथळवायचं, पुन्हा गरम करायचं. प्लेट थंड असली किंवा हवेत पाणी फार असलं की व्हार्निश पांढरं, धुरकट धरतं. असं झालं तर प्लेट परत सावकाश तापवा, बहुतेक वेळा ते निवळतं. जून ते सप्टेंबर व्हार्निश करायचं असेल तर प्लेटा आधी चांगल्या सुकवून घ्या आणि उघडीप मिळालेल्या दुपारी उरका. दिव्याच्या ज्योतीवर गरम करताना अल्कोहोल पेट घेतं. जाड तव्यावर किंवा विजेच्या हॉटप्लेटवर करणं शहाणपणाचं.

ज्यांना एवढा पसारा नको त्यांनी कागदापासून सुरुवात करावी. मोबाइलवरच्या चेहऱ्याची निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर छापून घ्या. कागद २ टक्के मिठाच्या पाण्यात भिजवून सुकवा, मंद पिवळ्या दिव्याखाली १२ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा हात द्या, पुन्हा सुकवा आणि निगेटिव्हखाली उन्हात ठेवा. तपकिरी, मऊ छटांचा चेहरा येतो. पावसाळ्यात मात्र हे सोडाच, कागद सुकतच नाही आणि ओलसर कागदानं निगेटिव्हवर डाग पडतात.

हातमोजे आणि चष्मा प्रत्येक टप्प्यावर हवेतच. सिल्व्हर नायट्रेटनं कातडी काळी पडते, ती आठवड्या-दीड आठवड्यात जाते. डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. आणि वापरलेली द्रावणं परसात ओतायची नाहीत. जांभ्याची जमीन सच्छिद्र असते, पाणी विहिरीपर्यंत बघता बघता पोचतं. बाथचं धुवण एका बादलीत गोळा करून त्यात मीठ टाका, सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तळाशी बसतो. वापरलेल्या हायपोत लोखंडी काथ्या दोन दिवस ठेवा, चांदी त्यावर काळ्या गाळासारखी जमते. दोन्ही गाळून, सुकवून वेगवेगळ्या बरण्यांत साठवा आणि पुरेसं झालं की चांदी गाळणाऱ्याकडे द्या.